बिल्डिंगचं ग्रीक बारसं

मी स्पार्टात तिसऱ्या मजल्यावर राहत असे. हे वाक्य आजवर मी बऱ्याच लोकांना ऐकवलंय आणि दर वेळी समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरकलाय, म्हणून आधीच खुलासा करतो. हे स्पार्टा टोकियोतल्या एदोगावा भागात, फुनाबोरी स्टेशनच्या मागच्या गल्लीत आहे. तिथे लिफ्ट नाही. आणि तिथल्या योद्ध्यांपैकी निम्मे पुण्या-मुंबईहून कॉन्ट्रॅक्टवर आलेले सॉफ्टवेअर इंजिनीअर आहेत. इमारतीचं अधिकृत नाव ‘हाइट्स स्पार्टा’, जपानी तोंडात ‘हाइत्सु स्पारुता’.

आता गंमत अशी, की जपानीत ‘स्पारुता’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. छडी हातात घेऊन, जेवण बंद करून, पोरांना सरळ करणाऱ्या शिक्षणाला ते लोक स्पारुता म्हणतात. मी ऑफिसात पत्ता सांगितला तेव्हा आमच्या टीम लीडरने माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि त्या दिवशी मला लवकर घरी सोडलं. दर एप्रिलात एखादी तरी आई मुलाचा हात धरून आमच्या जिन्याशी उभी राहायची आणि क्लास कितव्या मजल्यावर भरतो, आमचा मुलगा फार लाडावलाय हो, असं विचारायची. दुसऱ्या मजल्यावरच्या सत्यजितला नाही म्हणता येत नाही. त्याने अशा एका मुलाला पावकी-निमकी शिकवायला घेतली होती. त्या मुलाचं पुढे काय झालं कळलं नाही.

हे सगळं आमचे घरमालक किताजिमा-सान यांच्यामुळे. किताजिमा-सान सत्तरीच्या आसपासचे, बारीक, टोपीवाले. चौसष्ट सालच्या ऑलिंपिकची मशाल टोकियोच्या रस्त्यावरून गेली तेव्हा ते फूटपाथवर उभे होते. ती मशाल ग्रीसहून आली आहे असं कोणीतरी त्यांना सांगितलं आणि तेव्हापासून माणूस कामातून गेला. वडिलांच्या शेतजमिनीवर त्यांनी एकामागून एक इमारती उठवल्या आणि प्रत्येकीला प्राचीन ग्रीक शहराचं नाव दिलं. पहिली अथेन्स. तिथल्या भाडेकरूंत लोकशाही एवढी माजली, की जिन्यातला दिवा बदलायला सभा भरते आणि दिवा अजून बदललेला नाही. दुसरी कोरिंथ. ते शहर दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलं होतं, हे किताजिमा-साननी नाव दिल्यानंतर वाचलं. त्याच पावसाळ्यात तळमजल्यावर पुढून गटाराचं आणि मागून कालव्याचं असं दोन्हीकडून पाणी आलं. तिसरी आमची.

या अनुभवांनी पोळल्यावर त्यांनी नियम केला. यापुढे नाव द्यायचं तर ते कुठून आलं, त्याचा अर्थ काय आणि ते पुढे कोणाकोणाच्या बोचक्यातून कुठे कुठे गेलं, हे पूर्ण कळल्याशिवाय द्यायचं नाही.

आणि त्या वर्षी त्यांची चौथी इमारत पुरी होत आली होती. तिच्या तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दारासमोर चार हात अंगण असलेली एक जागा होती. ही जागा मला हवी होती. हवी होती हा शब्द थिटा आहे, पण दुसरा सापडत नाही.

तेजश्रीला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना लागला होता. आमचा जिना लोखंडी, बाहेरच्या बाजूला, उभा. ती भाजी घेऊन वर यायची तेव्हा मध्ये दोनदा बसायची, आणि मी ऑफिसात असल्याने ते मला शेजारच्यांकडून कळायचं. मी दुसरी जागा शोधत नव्हतो असं नाही. एजंटांकडे गेलो होतो. जपानी एजंट कधीही नाही म्हणत नाही. तो दातांतून हवा आत ओढतो, मान तिरकी करतो, ‘परदेशी माणूस म्हणजे जरा...’ एवढंच बोलतो, आणि तो ‘जरा’ हवेत लोंबकळत ठेवून तुम्हाला दारापर्यंत पोचवायला येतो, वर वाकून नमस्कार करतो. इतक्या आदराने मला आयुष्यात कोणी हाकललं नव्हतं. आम्हाला घर देणारे म्हणून त्या भागात एकटे किताजिमा-सान होते, आणि तेही का, तर अलेक्झांडर आमच्याकडे येऊन गेला होता म्हणून.

त्यात माझे सासरे आले. पंढरीनाथ अप्पा. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त, राहणार कल्याण. सासूबाई बाळंतपणाला नंतर येणार होत्या, अप्पा ‘आधी जागेची पाहणी करून येतो’ म्हणून पुढे आले. त्यांनी पाहणी केली. जिना चढून वर आले, दम लागलेला लपवत खुर्चीत बसले आणि पाणीसुद्धा न घेता निकाल दिला.

“दिगंबरराव, हा जिना नाही, हा कडा आहे. माझी मुलगी यावरून बाळ घेऊन उतरणार नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत तळमजला दाखवा. नाहीतर मी हिला कल्याणला घेऊन जातो. पहिलं बाळंतपण तसंही माहेरीच असतं.”

“अप्पा, मला इथेच राहायचंय,” तेजश्री आतून म्हणाली.

“तुला काय पाहिजे ते मी विचारलेलं नाही. आठव्यानंतर विमानवाले बसू देत नाहीत. विचार आत्ताच करायचा असतो.”

ती गेली असती तर मी राहिलो असतो. त्याच महिन्यात आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं आणि रजेचं नाव काढण्याची सोय नव्हती. माझं मूल मी पहिल्यांदा ई-मेलच्या अटॅचमेंटमध्ये बघितलं असतं. मला ते नको होतं. बाकी मी पुष्कळ गोष्टींबद्दल विनोद करतो, याबद्दल मला करता येत नव्हता.

म्हणून मी किताजिमा-सानकडे गेलो. ते नव्या इमारतीच्या परांचीखाली स्टुलावर बसून ग्रीसचा नकाशा बघत होते. मी तळमजल्याचं बोलताच त्यांनी नकाशाची घडी केली.

“दिगानबारु-सान, तुमच्या देशातली माणसं ग्रीकांना जुनी ओळखतात. तुम्हाला या नावांतलं कळत असणार?”

मी मान हलवली. इथे माझा गुन्हा एवढाच, की मी आपली आपल्याकडची मान हलवली. आपल्या त्या हलवण्यात हो, नाही, बघू, देव जाणे आणि चहा घेणार का हे सगळं येतं. जपानी माणसाला त्यातलं फक्त हो दिसलं.

“मग ठरलं,” ते म्हणाले. “योग्य नाव तुम्ही शोधायचं. नाव मिळालं की ती जागा तुमची.”

घरी येऊन सांगितलं तेव्हा अप्पांनी चष्मा पुसला. ग्रीसविषयी त्यांना काहीही माहीत नव्हतं, पण गावांच्या नावांविषयी माहीत नाही असं त्यांच्या खात्यात काही नसतं.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “सगळी आपलीच गावं आहेत ती. अथेन्स म्हणजे अथणी. कोरिंथ म्हणजे कोरेगाव. स्पार्टा तर सरळ सातारा आहे, तिथलेही लोक असेच तापट. आपले कोणीतरी तिकडे गेले, गावाचं नाव घेऊन गेले, आणि उतारा घ्यायला विसरले. सातबारा असता तर आज ग्रीसने तोंड उघडलं नसतं.”

मी इंटरनेटवर शोध घेऊन त्यांना खरी हकीकत सांगायचा प्रयत्न केला. तीही कमी मजेची नव्हती. ते ग्रीक लोकही आमच्यासारखेच पोटापाण्यासाठी बाहेर पडलेले. बोटीत बसायचे, मिळेल त्या किनाऱ्यावर उतरायचे आणि मागच्या गावाचं नाव पुढच्या गावाला लावायचे. लारिसा नावाच्या एका गावाच्या पाच-सात लारिसा झाल्या. ज्या गावातून निघाले त्याला ते आई-गाव म्हणत, मेट्रोपोलिस. कोरिंथ हे तर मुळात ग्रीकही नव्हे, त्यांच्याही आधीच्या कुणाची भाषा. आलेल्यांनी नाव तसंच ठेवलं आणि आपलं म्हणून मिरवलं.

“हेच तर मी म्हणतोय!” अप्पा म्हणाले. “आई-गाव म्हणजे बुद्रुक. नवं वसवलेलं ते खुर्द. आमच्या खात्यात हे शिपायालाही कळतं. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. लारिसा बुद्रुक, लारिसा खुर्द. यात संशोधन कसलं?”

मी लॅपटॉप मिटून ठेवला.

पहिलं नाव सत्यजितने सुचवलं. त्याचं कुठल्याही विषयात मत तयार असतं आणि ते घेऊन तो वर येतो.

“अरे दिग्या, नेआपोलिस! नेआ म्हणजे नवं, पोलिस म्हणजे शहर. इटलीतलं नेपल्स तेच, पॅलेस्टाईनमधलं नाब्लुस तेच. जिथे जाईल तिथे ग्रीक माणूस नवं गाव बांधायचा आणि डोकं न लावता नाव ठेवायचा नवं गाव. एकदम सेफ नाव आहे. कुणाच्या बापाला कळतंय?”

“आपलं नवापूर,” अप्पांनी मान्यता दिली.

किताजिमा-सान तर हरखून गेले. अर्थ आहे, प्रवास आहे, पूर आलेला नाही. नाव रस्त्यावर कसं दिसतं ते बघायला त्यांनी लगेच एक मोठा कापडी फलक करून परांचीवर लावला. परदेशी शब्दांसाठीच्या काताकाना लिपीत ‘नेआपोरिसु’ आणि खाली इंग्रजी ठळक अक्षरांत NEA POLIS.

मराठीत पोलिस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. दुर्दैवाने जपानीतही ‘पोरिसु’चा अर्थ तोच होतो. आणि आम्हा चौघा शहाण्यांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही. आम्ही ग्रीक उच्चारात बुडून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई सापडलेली छत्री घेऊन इमारतीत आल्या. पाठोपाठ सायकल चोरीला गेलेला एक गृहस्थ. मग एक कासव आलं, म्हणजे कासव घेऊन एक आजोबा आले. ते कालव्याकाठी एकटंच फिरत होतं म्हणाले. जपानमध्ये सापडलेली वस्तू कोणी स्वतःकडे ठेवत नाही, आणि सिमेंट कालवणाऱ्या मुकादमाला तक्रार नोंदवून घ्यायला येत नाही. त्या वेळी तिथे अप्पा होते. रोज काम बघायला जायचे ते, पाहणीची सवय. त्यांनी मुकादमाची खुर्ची घेतली, छत्री ठेवून घेतली, कासवाला घमेल्यात सोडलं आणि सायकलवाल्याची तक्रार मोडी वळणाच्या मराठीत लिहून त्याच्याकडून सही घेतली. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला रांग दिसली की त्याचे हात आपोआप चालू लागतात. सायकलवाला समाधानाने वाकून गेला.

दुपारी खरा पोलीस आला. कोपऱ्यावरच्या चौकीतला, कोवळा, हातमोजे घातलेला. त्याने आधी फलकाला, मग अप्पांना नमस्कार केला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, की आपण कुठल्या ठाण्याची शाखा, आम्हाला वरून काही कळवलेलं नाही. अप्पांना जपानी येत नव्हतं. ‘ठाणे’ एवढंच त्यांच्या कानाने ओळखलं असं ते नंतर म्हणाले, जे अशक्य आहे. त्यांनी त्याला “कल्याण!” असं बाणेदार उत्तर दिलं.

मला ऑफिसातून बोलावून घेतलं गेलं. मी, किताजिमा-सान आणि अप्पा असे तिघे चौकीतल्या छोट्या बाकावर ओळीने बसलो. पोलिसांचा वाटेल असा फलक लावता येत नाही, हे तो पोलीस दर वाक्याला माफी मागून सांगत होता. मी त्याला पोलिसचा ग्रीक अर्थ, नेपल्स आणि नाब्लुस समजावून सांगितलं. तो सगळं लिहून घेत होता. शेवटी त्याने वर बघून विचारलं, “म्हणजे आणखी दोन ठिकाणीही असे फलक आहेत?”

फलक उतरला. कासवाचा मालक नंतर सापडला, पण अप्पांनी पावतीशिवाय ते दिलं नाही.

अप्पांची मुदत संपत आली होती. त्यांनी तिकिटाची चौकशी सुरू केल्याचं तेजश्रीने मला सांगितलं. ती दोरीवर कपडे घालत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. “तू म्हणालास तर मी जाईन,” ती म्हणाली, “पण तू म्हणू नकोस.”

मी दुसरं नाव घेऊन धावलो. डेल्फी. तिथल्या देवळात भविष्य सांगत. मुळात गर्भाशयाच्या अर्थाचा शब्द आहे म्हणतात, म्हणजे बाळंतिणीच्या जागेला यापेक्षा शुभ नाव कुठलं? किताजिमा-सानना पटलं. पण चौकीच्या प्रकरणामुळे ते सावध झाले होते. आता नाव आधी मोहल्ल्याच्या मंडळापुढे ठेवायचं म्हणाले.

मंडळाच्या अध्यक्षा हिरानो-आजी. त्या दिवशी हॉलमध्ये बरीच मंडळी जमली होती. मी लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि टाय अशा तयारीने गेलो. नकाशावर बाण दाखवले. जपानीत डेल्फीला ‘देरुफोइ’ म्हणतात. मी आवाज लावून म्हणालो, “तळमजला, देरुफोइ!”

एका आजींनी दुसऱ्या आजींचा हात धरला. हिरानो-आजींनी किताजिमा-सानना हळूच विचारलं, “त्या जागेवर पूर्वी काही झालं होतं का?”

पुढचं मला सत्यजितने समजावलं. ‘देरु’ म्हणजे बाहेर निघणे. पण जपानी माणूस घराबद्दल बोलताना ‘इथे देरु’ म्हणाला, की निघतं ते भूत. आणि ‘देरुप्पोइ’ म्हणजे ‘निघत असावं असं वाटतं’. मी, भारतातून आलेला, टाय लावलेला इसम, भर सभेत प्रोजेक्टर लावून सांगत होतो, की तळमजल्यावर बहुधा भूत आहे आणि तरीही मला तिथेच राहायचंय. माझ्या बाजूने एवढंच, की शेवटच्या भागाने त्यांच्या मनात माझ्याविषयी आदर वाढला.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन टाय सोडला. अप्पांनी बॅग काढली. मी खिडकीशी बसून कुठल्या तरी संकेतस्थळावर जुन्या ग्रीक खलाशांचं एक प्रवासवर्णन वाचत होतो, म्हणजे नुसते डोळे फिरवत होतो. त्यात आपल्या किनाऱ्यावरची बंदरं होती. सोपाऱ्याला ते सुप्पारा म्हणत, पैठणला पैठाना. आणि एका ओळीत होतं कॅलिएना.

“अप्पा,” मी म्हणालो, “ग्रीक लोक कल्याणला कॅलिएना म्हणायचे.”

अप्पांचा हात बॅगेतच थांबला. “कोणत्या कल्याणला?”

“तुमच्या. दोन हजार वर्षांपूर्वी ते तिथे माल उतरवायचे.”

अप्पा खाली बसले. इतके दिवस ते बेधडक ठोकून देत होते त्यातलं काहीतरी, थोडंसं, उलट्या बाजूने का होईना, खरं निघालं होतं. आणि तेही अथणी-साताऱ्याचं नव्हे, त्यांच्या स्वतःच्या गावाचं. त्यांचे डोळे भरले हे मी पाहिलं. त्यांनी ते चष्म्यावर ढकललं. मग बॅगेतला सदरा पुन्हा बाहेर काढून त्यांनी घडी घालून कपाटात ठेवला.

“कल्याण बुद्रुक,” ते म्हणाले, “आणि फुनाबोरी खुर्द. द्या जाऊन.”

किताजिमा-साननी डोळे मिटून ऐकलं. हे ग्रीसमधलं शहर नव्हतं, पण ग्रीक जिभेवरून गेलेलं होतं. ग्रीक भाषेत ‘कॅलि’ म्हणजे सुंदर, आपल्याकडे कल्याण म्हणजे भलं. इतर सगळी नावं ग्रीसहून निघून बाहेर गेली, हे एक बाहेरून ग्रीकांच्या तोंडी गेलं आणि आता जपानला येतंय. ते म्हणाले, इतक्या लांबून आलेल्या नावाला परत पाठवता येत नाही. हिरानो-आजींनी मोठ्याने दोनदा म्हणून बघितलं, कोणाचाही हात कोणी धरला नाही. इमारतीवर पितळी अक्षरं बसली. जपानी उच्चार, ‘कारिएना’.

आम्ही लगेच खाली राहायला गेलो. तेजश्री अंगणात खुर्ची टाकून बसली आणि बराच वेळ तिने काहीच केलं नाही. अप्पांनी तिकिटाचा विषय काढला नाही. मला वाटलं, संपलं.

आठवडे गेले, पण आमच्या डोक्यावरच्या खोल्या रिकाम्याच राहिल्या. लोक एजंटाबरोबर यायचे, अक्षरांकडे बघायचे, खुदकन हसायचे किंवा गंभीर व्हायचे आणि निघून जायचे. एका तरुण जोडप्याने तर आमच्या दारात फोटो काढला. किताजिमा-सान खंगत चालले. शेवटी एक दिवस ते अंगणात आले, टोपी काढून माझ्यापुढे वाकले आणि म्हणाले, चूक माझीच, मी काताकाना अक्षरं बघत राहिलो, कानाने ऐकलंच नाही.

पुस्तकी जपानीत ‘कारिएनाइ’ म्हणजे ‘भाड्याने घेता येणार नाही’. आमच्या इमारतीवर पितळी अक्षरांत, शेवटचा ‘इ’ तेवढा गाळून, हेच लिहिलेलं होतं. त्यांचे मुलगे म्हणत होते, की इमारत पाडून गाड्यांचा तळ करा. महिनाअखेरपर्यंत भाडेकरू आले नाहीत तर त्यांना ते ऐकावं लागणार होतं. तेजश्रीला तेव्हा नववा लागलेला. विमान बंद, स्पार्टातली आमची जागा दुसऱ्याला गेलेली. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. कारण या वेळी नाव मी दिलं होतं.

मी सत्यजितला फोन करून सगळं ओकलो. तो आधी पोट धरून हसला. मला राग आला. मग त्याने मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला.

“दिग्या, कारिएनाइ? म्हणजे आपल्याला सगळीकडे जे सांगतात तेच ना?”

“तेच.”

“अरे, मग आपल्या लोकांना काय फरक पडतो? दहा दारांवर हे ऐकूनच तर येतात सगळे. इथे निदान बाहेर लिहिलेलं आहे. आत जाऊन सरबराई करून घेऊन मग कळत नाही.”

त्याने हे त्याच्या ऑफिसात सांगितलं. तिथून ते पुढच्या ऑफिसात गेलं. रविवारी आमच्या अंगणात चपलांची रांग लागली. नाशिकचे, बडोद्याचे, चेन्नईचे, नुकतेच उतरलेले, हॉटेलात अडकलेले. अप्पांना खुर्ची द्यावी लागली. एकेकाचं गाव विचारून, नाव उतरवून घेऊन ते मजले वाटत होते. त्यांना न विचारता कोणी जिना चढला तर ओरडत होते. किताजिमा-सान दारात उभे राहून प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते, आणि प्रत्येक जण फलकाकडे बोट दाखवून आनंदाने म्हणत होता, “हाइ, हाइ, कारिएना!” हो, हो, भाड्याने घेता येणार नाही. मुकादम हे ऐकून कठड्याला टेकून हसत होता. संध्याकाळपर्यंत इमारत भरली.

मुलगी झाली तेव्हा मी तिथेच होतो. रिलीज पुढे ढकललं गेलं होतं, त्यात माझा काही हात नाही असं मी ऑफिसात सांगत असे. सासूबाई आल्या होत्या. दवाखान्यातून बाळ घरी आल्यावर किताजिमा-सान टोपी हातात घेऊन भेटायला आले. अप्पांनी तोवर नाव ठरवून टाकलं होतं, आम्हाला विचारायची पद्धत त्यांच्याकडे नाही.

“कल्याणी,” मी किताजिमा-सानना सांगितलं.

“कारियानी,” त्यांनी सावकाश म्हणून बघितलं. पुन्हा म्हटलं, तुकडे पाडून. “कारिया... नी.” मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते गुडघ्यावर बसले, डोळे पुसले आणि बोलता येईना म्हणून हाताने खोली दाखवत राहिले.

“काय झालं? काय म्हणाले ते?” अप्पा कडाडले. “आता हिच्यात काय निघालं?”

“अप्पा,” मी म्हणालो, “त्यांच्या भाषेत कारिया म्हणजे भाड्याचं घर. आणि नी म्हणजे मध्ये. भाड्याच्या घरात.”

अप्पा लालबुंद झाले. माझ्या नातीचं नाव भाड्याच्या घरात? हे चालायचं नाही, बदला, आत्ताच्या आत्ता बदला. सासूबाई त्यांना बाळ झोपलंय म्हणून गप्प करू लागल्या.

“नको, राहू दे,” तेजश्री पडल्या पडल्या म्हणाली. ती हसत होती आणि दमलेली होती. “चूक काय आहे त्यात? कुठे आहे ती?”

मी बाळाकडे पाहिलं. ती होती तिथेच, तळमजल्यावर, माझ्या हातभर अंतरावर.